हाडांचा फिटर

सोलापूरच्या चिंचोळी एमआयडीसीत बाप टर्नर असेल तर मुलानं निदान इंजिनिअर व्हावं, एवढीच माफक अपेक्षा असते. आमच्या चिरंजीवांनी अकरावीत पाऊल टाकताच जाहीर केलं, "अप्पा, मी ऑर्थोपेडिक सर्जन होणार."

आजी म्हणाली, "हाडवैद्याला एवढं शिकावं लागतंय व्हय? आमच्या गावचा तर चौथी नापास होता. बांबूच्या कामट्या बांधायचा, वर अंड्याचा पांढरा लावायचा, की झालं." बायकोची काळजी वेगळीच. सोलापूरचा सर्जन म्हटलं की तिला डॉ. कोटणीस आठवतात. ते 1938 साली चीनला गेले ते परत आलेच नाहीत. म्हटलं, आधी नीट तर सुटू दे, चीनचं मग बघू.

मला स्वतःला हे खूळ पटलं ते आमच्या शिफ्टमधल्या एकानं पुणे रस्त्यावर पडून मांडी मोडून घेतल्यावर. भेटायला गेलो, एक्स-रे उजेडाला धरला आणि पाहतो तर प्लेट, स्क्रू, सगळी आपलीच मंडळी! प्लेटची भोकं लांबट. का, तर स्क्रू आवळताना त्याचं डोकं भोकाच्या उतारावरून घसरतं आणि हाडाची दोन्ही टोकं एकमेकांवर दाबून बसतात. ज्यानं काढलं त्याला टूलरूममध्ये कधीही नोकरी मिळेल.

तिथल्या तरुण डॉक्टरांना विचारलं, "ड्रिल कितीचं मारता?"

"साडेचारच्या स्क्रूला 3.2. मग टॅप."

"आम्ही एम-फोरला 3.3 मारतो. कूलंट?"

"सलाईन. हाड 47 अंशांच्या वर तापत राहिलं तर तिथलं हाड मरतं."

आमच्या प्लांट हेडनं माझ्याशी इतक्या आदरानं कधी बोललेलं आठवत नाही.

पण मग रात्री झोप येईना. आमच्याकडे जॉब बिघडला की लाल रंग फासून रिजेक्शनच्या पेटीत टाकतात. तिथं बिघडलेला जॉब सकाळच्या राउंडला "दुखतंय" म्हणतो, आणि त्याचे नातेवाईक व्हरांड्यात बसलेले असतात. शिवाय आम्ही मशीन बंद करून दुरुस्ती करतो. हे लोक चालू मशीनमध्ये हात घालतात.

एक गोष्ट मात्र त्यांच्या फायद्याची. सगळं आवळून झाल्यावर जोडायचं काम हाड स्वतःच करतं; प्लेट नुसती त्याला सरळ धरून ठेवते. तुटलेला कॅमशाफ्ट तीन महिने कपाटात ठेवला आणि जुळून निघाला, असं चिंचोळीत तरी कुणी पाहिलेलं नाही.

चिरंजीवांचा अभ्यास जोरात आहे. रविवारी मटणाच्या रश्शात नळी आली की तो माझा व्हर्नियर मागतो. आजीला हे अजिबात मान्य नाही. नळी चोखायची असते, मोजायची नसते, आणि ह्या बाबतीत मी आजीच्या पक्षात आहे. व्हर्नियरला तेलाचा तवंग लागतो, तो मलाच पुसावा लागतो.

हिशेब करून पाहिला. बारावीपर्यंत दोन वर्षं, इंटर्नशिप धरून एमबीबीएसची साडेपाच, पुन्हा एक नीट, मग एमएसची तीन. सगळं पहिल्या फटक्यात जमलं तरी साडेदहा वर्षं. तेव्हा शिफ्ट गाठायला निघालेल्या समस्त मंडळींना विनंती, तोवर रॉंग साइडनं गाड्या घालू नका. आमचा माणूस अजून तयार व्हायचाय.