टक्केवाले काकाजी

काकाजींसमोर 'जुगार' हा शब्द काढायचा नाही. काढलाच, तर ते चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, "कोणता? नशिबाचा का अकलेचा?" मग तासभर सुटका नाही. नागपुरात हुडकेश्वर रोडला म्हाळगी नगर चौकाच्या पुढे एक चहाची टपरी आहे, तिथल्या बाकावर त्यांची बैठक असते. सारं आयुष्य सरकारी हिशेबाच्या खात्यात गेलं. निवृत्तीनंतर दुसऱ्याचा हिशेब उरला नाही, म्हणून त्यांनी पत्त्यांचा धरला. वस्ती त्यांना 'टक्केवाले काकाजी' म्हणते. हे टक्के कमिशनचे नव्हेत, असं नव्या माणसाला आवर्जून सांगावं लागतं, कारण आमच्याकडे प्लॉटवाले फार.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. अकलेचे आणि नशिबाचे सगळे एकाच टोपलीत गेले. त्या दिवसापासून वस्तीतल्या पोरांची काकाजींकडे वर्दळ वाढली. मोबाइल गप्प झाला, पण कॅसिनोवाल्या गोव्याची गाडी तर बंद नाही ना!

"काकाजी, पैसा कायच्यात आहे? पोकरमध्ये का ब्लॅकजॅकमध्ये?"

"पहिले हे सांग बे पोट्ट्या, कोणाच्या खिशातून काढाचा आहे?"

ब्लॅकजॅकमध्ये समोर कॅसिनो बसलेला असतो. एकवीसच्या वर दोघांनीही जायचं नाही, पण पान आधी मागायचं तुम्ही. तुम्ही फुटलात की पैसे गेले. मागून डीलरही फुटला तरी ते परत येत नाहीत. "सारा कॅसिनो या एका पाळीवर उभा आहे," असं काकाजी म्हणतात, आणि ते खरंच आहे. लोक पाकिटात देवाचा फोटो ठेवतात त्या कप्प्यात त्यांनी एक घडी घातलेला तक्ता ठेवला आहे. तुमचे बारा आणि डीलरचा पंजा दिसतो, तर गप्प बसा. तुमचे सोळा आणि समोर दश्शी, तर छातीवर दगड ठेवून पान मागा. हा तक्ता न चुकता पाळला आणि टेबलाचे नियम बरे असले, तर कॅसिनोचा फायदा शंभराला जेमतेम आठ आण्यांवर येतो.

"म्हणजे फुकटच की!" पोरगं हरखतं.

"हजाराचा एक डाव, तासाला सत्तर डाव. सत्तर हजार फिरले. अर्धा टक्का किती झाला?" काकाजी थांबत नाहीत. "साडेतीनशे. दर तासाले. हे शहाण्याचं. तू तर तक्ता घरी विसरून जाशील." शिवाय एक्का आणि दहाची जोडी आल्यावर दीडपट देण्याऐवजी पाचाला सहाच देणारं टेबल असेल, तर हाच तोटा जवळपास चौपट होतो. पण रोषणाईत ती बारीक अक्षरं कोण वाचतो?

एडवर्ड थॉर्प या अमेरिकन गणितज्ञानं १९६२ साली पुस्तक काढून दाखवलं, की गेलेली पानं ध्यानात ठेवली तर कॅसिनोलाही हरवता येतं. कॅटमध्ये दश्श्या आणि एक्के जास्त उरले की पैसे वाढवायचे. काकाजी त्याला 'आपला थॉर्प' म्हणतात, जणू तो मानेवाड्याला राहतो. कॅसिनोंनी मग एकाच्या जागी सहा-सहा, आठ-आठ कॅट घातले, पानं अध्येमध्ये पिसायला घेतली आणि मोजणाऱ्याला दार दाखवलं. "अक्कल आली का खेळूच देत नाहीत. याले म्हणतात धंदा!"

पोकर मात्र त्यांच्या मते हुडकेश्वरचा प्लॉट आहे. पाच पानं टेबलावर उघडी, म्हणजे लेआउटचा नकाशा सगळ्यांना दिसतो. दोन पानं हातात झाकलेली, म्हणजे सातबारा एकाच्याच खिशात. मग चेहरा सरळ ठेवून भाव वाढवायचा. इथं कॅसिनो खेळत नाही, नुसती नाल, म्हणजे आपला वाटा, काढतो. त्यामुळे पोकरमध्ये मुरलेला माणूस खरोखर कमावू शकतो, हे काकाजी मान्य करतात. पोराचे डोळे चमकतात. "पण नऊ जण मिळून जेवढे पैसे आणतात, त्याहून कमीच घेऊन घरी जातात. मधले नालेत गेले. आता सांग, त्या नवातला तू कितवा?"

पोरगं चहा ढवळत बसतं.

महाराष्ट्रानं १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला, तो कधीच अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. काकाजी याला 'सत्तेचाळीस वर्षं ब्लाइंड खेळलेला डाव' म्हणतात. त्यांच्या घरी ब्लाइंड खेळतात त्या काकू. दिवाळीच्या तीन पत्तीत त्या पानं न बघता चाल वाढवत जातात, आणि एकदा शो केला तर तीन राण्या! असं ट्रेल चारशे पंचवीस हातांत एकदा येतं, हे काकाजींनी तिथल्या तिथे सांगितलं. पैसे मात्र काकूंनी आधीच उचलले होते. हरल्यावर ते सर्वोच्च न्यायालयाचा आधार घेतात. १९६८ च्या रमीच्या निकालात तीन पानांच्या खेळाला निव्वळ नशिबाचा म्हटलं आहे. काकूंना निकाल मान्य आहे. त्या फक्त वसुली थांबवत नाहीत.

गोव्याला मांडवीतल्या बोटीवर ते एकदा जाऊन आले. तिकिटात जेवण होतं. ते व्यवस्थित जेवले, दोन तास टेबलं बघितली आणि एकही पैसा न लावता किनाऱ्यावर उतरले. त्या बोटीवर फायद्याचा सौदा तेवढा एकच होता, हे त्यांचं म्हणणं मला खोडता आलेलं नाही.

मग माणूस कमावतो कशावर? रस्त्यावर. नवखा कोणी बाकावर बसला की काकाजी सहज म्हणतात, "येणाऱ्या वीस गाड्या पाहू. कोणत्याही दोन गाड्यांचे शेवटचे दोन आकडे सारखे निघाले तर चहा तुमच्याकडून, नाही तर माझ्याकडून." नवखा विचार करतो, आकडे शंभर, गाड्या वीस, म्हातारा फसला. एमएच ३१, एमएच ४९, एमएच ४०, गाड्या येत राहतात, आणि शंभरातल्या सत्त्याऐंशी वेळा चहा काकाजींना मिळतो. पोकर का ब्लॅकजॅक, हा प्रश्न त्यांनी दुसऱ्यांसाठी ठेवला आहे. स्वतः ते कॅसिनो झाले आहेत.

हुडकेश्वर रोडला कधी आलात आणि कपाळावर चष्मा चढवलेल्या गृहस्थांनी ही पैज लावली, तर नाही म्हणू नका. फक्त गाड्या वीसऐवजी दहा करायला सांगा. दहाला शंभरात साठहून जास्त वेळा चहा तुमचा. ते लगेच विषय बदलतील.