सगळं ठीक चाललंय

आमच्या टेबलावर सिग्नल प्रोसेसिंगचं एक कार्ड आहे. आवाजातली घरघर गाळणं हे त्याचं काम. कुठली गाळणी कधी लावायची, हे लिनक्सचा संगणक त्याला दर मिलिसेकंदाला सांगतो. सांगायला उशीर झाला की हेडफोनमध्ये ‘टक्’ होतं. रात्रीतून दोन-चारदा ते व्हायचंच.

‘रिअल-टाइम’ म्हणजे वेगवान, अशी माझी बरेच दिवस समजूत होती. अर्थ साधा आहे: वेळेवर. दूध तापवण्यासारखं. दहा मिनिटं पातेल्याकडे टक लावून बसलात आणि शेवटचे दहा सेकंद नजर हटली, तरी ओटा पुसावा लागतोच. सरासरी लक्ष उत्तम होतं, हे कुणाला सांगणार?

म्हणून रात्रभर ‘सायक्लिकटेस्ट’ लावली. ठरल्या वेळी जागं व्हायला किती उशीर झाला, हे ती मायक्रोसेकंदांत मोजते. सकाळी पडद्यावर आकडे होते: सरासरी ८, कमाल ६९८१. पहिला वाचून मी चहा ओतला. दुसरा वाचता वाचता तो गार झाला.

उशीर ७ मिलिसेकंदांचा. संगणकाचे संदेश ज्यावर छापले जातात, त्या आमच्या सिरियल कन्सोलचा वेग ११५२०० बॉड, म्हणजे सेकंदाला साधारण साडेअकरा हजार अक्षरं. ८० अक्षरांची एक ओळ छापायला बरोब्बर तेवढाच वेळ लागतो! तोवर बाकी सगळे ताटकळत. ती ओळ ड्रायव्हरमध्ये मीच घातली होती, मोठ्या काळजीनं. सगळं ठीक चाललंय, एकही ठोका चुकलेला नाही, अशा अर्थाची.

पुढे कळलं, की या बाबतीत मी एकटा नाही. लिनक्सला वेळेवर वागायला शिकवणारं काम मुख्य कर्नलमध्ये पूर्णपणे यायला जवळजवळ वीस वर्षं लागली; ते आलं २०२४मध्ये, ६.१२ आवृत्तीत. शेवटपर्यंत अडून बसला होता तो ‘प्रिंटके’, म्हणजे कर्नलची बडबड छापणारा भाग.

ओळ काढून टाकली. ‘टक्’ थांबलं. त्या आनंदात घरी आलो, दूध गॅसवर ठेवलं. आतून बायकोनं विचारलं, “लक्ष आहे ना?”

दाराकडे वळून मी सविस्तर सांगितलं, की अगदी पूर्ण लक्ष आहे, काळजी करू नकोस.

ओटा मीच पुसला.