दिल्लीचं गोल्फ, वर्ध्याची दिवाळी

"ताई, झाडू ठेवा बाजूले अन् इकडं या. आमचे हे दिल्लीले चालले. गोल्फ पाह्याले!"

2025 चा पंधरा ऑगस्ट नुकता झालेला. वहिनी कंपाउंडच्या भिंतीपलीकडे, कढीपत्त्याच्या झाडाखाली उभ्या. आवाज इतका दबका, की तिसऱ्या घरापर्यंत स्पष्ट ऐकू जावा.

"भाऊजी? गोल्फ?"

आमच्या भाऊजींचा आणि खेळाचा संबंध जामठ्याच्या क्रिकेट स्टेडियमपर्यंत. बँकेतून रिटायर झाल्यापासून नागपूरला मॅच असली की भाऊजी, कर्नलसाहेब, डॉक्टरसाहेब आणि मास्तर ही चौकडी सकाळीच वर्धा रोडला लागते. भारत जिंकला तर रात्री गल्लीत हॉर्न वाजतो, हरला तर गेट आवाज न करता उघडतं. पण गोल्फ?

"कर्नलसाहेबानं भरवलं त्याईच्या डोक्यात," वहिनी म्हणाल्या.

मग बरोबर. कर्नलसाहेबांची सगळी नोकरी छावण्यांमध्ये गेली, आणि बऱ्याच छावण्यांत गोल्फचं मैदान असतं. हे आपल्याला कळायचं कारण नाही. वर्ध्यात फौज म्हटली की डोळ्यांपुढं येतो तो पुलगावचा दारूगोळ्याचा डेपो. साहेब सकाळी हनुमान टेकडीकडं निघतात तेव्हा काठीऐवजी हातात जुना सात नंबरचा क्लब असतो. मूठ घासून गुळगुळीत, खालच्या लोखंडाला एका बाजूनं गंज. गल्लीतली कुत्री त्याला वाट देतात.

"पण खेळ काय आहे हा? तुम्हाला तरी समजला का?"

"समजला ना! अठरा खड्डे. चेंडू मारत मारत खड्ड्यात टाकाचा. चार दिवस तेच. अन् ज्याचे फटके कमी तो पहिला. मी म्हटलं, कमीवाला पहिला असते तर आपला पोट्टा बारावीत बोर्डात आला असता."

तेवढ्यात भाऊजी नळी घेऊन झाडांना पाणी घालायला आले. झाडांना सकाळी पाऊसच येऊन गेला होता. म्हणजे ते ऐकायलाच आले होते. "अहो ताई, साधीसुधी मॅच नाही. रोरी मॅकिलरॉय येऊन रायला! पहिल्यांदाच भारतात खेळाले!"

मॅकिलरॉय म्हणजे उत्तर आयर्लंडचा तो गडी, ज्यानं त्याच एप्रिलमध्ये ऑगस्टाची मास्टर्स जिंकली आणि चारही मोठ्या स्पर्धा खात्यावर जमा करणारा सहावा खेळाडू ठरला. दिल्ली गोल्फ क्लबात 16 ते 19 ऑक्टोबर अशी ही स्पर्धा, नाव डीपी वर्ल्ड इंडिया चॅम्पियनशिप, बक्षिसाची रक्कम चाळीस लाख डॉलर. भाऊजींनी त्याचे रुपये करून सांगितले, तेव्हा वहिनींनी पहिल्यांदा पदर सावरला.

खरं तर कर्नलसाहेबांच्या मनात ऑगस्टाच होतं. डॉक्टरसाहेबांचा मुलगा अमेरिकेत असतो, त्याला तिकिटासाठी सोडतीत नाव टाकायलाही लावलं होतं. तिथं तिकीट सोडतीनं निघतं आणि नंबर लागायला नशीब लागतं. आत मोबाईल नेऊ देत नाहीत, पळू देत नाहीत. पण सकाळी आपली घडीची खुर्ची मैदानाच्या कडेला मांडून दिवसभर कुठंही भटकावं, खुर्ची जागची हलत नाही. आपण नाही तोवर दुसरा कुणी टेकला, तरी आपण आलो की उठतो. हे ऐकून मास्तर म्हणाले होते म्हणे, "आमच्या एस.टी.त रुमालाले एवढा मान असता तर मी सगळी नोकरी बसून केली असती." मास्तर वर्धा-देवळी उभ्यानं केलेले. सोडतीत काही नाव निघालं नाही, म्हणून मग दिल्ली.

"अन् तारीख पाहिली का तुम्ही?" वहिनी आता मुद्द्यावर आल्या. "शुक्रवारी 17 ले वसुबारस. शनिवारी धनतेरस. सोमवारी 20 ले पहिली आंघोळ. अन् हे रविवारी संध्याकाळपर्यंत तिथं टाळ्या वाजवत बसतीन. सेवाग्रामले उतरतीन कवा? अभ्यंगस्नान काय गाडीच्या संडासात करतीन?"

भाऊजींनी नळी गुलाबाकडून तुळशीकडं वळवली.

प्रश्न रास्त होता. वर्ध्याला दिल्लीची गाडी धरायची तर सेवाग्राम स्टेशन; जुन्या लोकांच्या तोंडी अजून त्याचं नाव वर्धा पूर्व. अकराशेहून जास्त किलोमीटर, गाडीनं सतरा-अठरा तास सहज जातात. रविवारचा शेवटचा फटका पाहून रात्री गाडीत बसलं, तर सोमवारची दुपार-संध्याकाळ. उटणं, सुगंधी तेल, चिरांटं फोडणं, सगळं यांच्याविना. शिवाय दिवाळीच्या गर्दीत बर्थ मिळायचा कसा? रेल्वेनं 2024 च्या नोव्हेंबरपासून आगाऊ आरक्षणाची मुदत 120 दिवसांवरून 60 वर आणली. म्हणजे 19 ऑक्टोबरच्या गाडीची खिडकी 20 ऑगस्टला सकाळी आठला उघडणार, आणि उघडली उघडली म्हणेस्तोवर वेटिंग सुरू.

"विमानानं येऊ की!" भाऊजी म्हणाले.

"दिवाळीचं विमान? किराणा कोणत्या पैशात भरता मग?"

नळी बंद झाली.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर माहितीची आणखी भर पडली. मास्तरांची देवळीकडं चार एकर सोयाबीन. ऑक्टोबरच्या मध्यात सोंगणी, लगेच थ्रेशर. त्यात परतीचा पाऊस आला तर गंजीवर ताडपत्री टाकायला घरचा माणूस पाहिजे. मास्तरीणबाईंनी सांगून टाकलं, "जा खुशाल, पण ताडपत्री कर्नलसाहेबाच्या बायकोनं टाकाची." डॉक्टरसाहेबांकडं वेगळंच. त्यांच्या मंडळींनी कुठून तरी ऐकलं, की गोल्फमध्ये अठरा होल झाले की एकोणिसावा असतो, आणि एकोणिसावा म्हणजे क्लबातला बार. आता आपला जिल्हा गांधीजींच्या पुण्याईनं पन्नासेक वर्षांपासून दारूबंदीचा. इथं ज्याला जे करायचं ते तो कसं करतो, यावर भिंतीवर बोलू नये. पण चार माणसं जिल्ह्याबाहेर निघाली की चार घरांतले कान आपोआप टवकारतात.

"कर्नलसाहेब म्हणते, आम्ही अठराच पाहू," वहिनींनी निरोप दिला. "मी म्हटलं, मोजाले मी येऊ का?"

मग मीही थोडं वाचलं. शेजारधर्म म्हणून. आणि वाचता वाचता हातात असं काही लागलं, की रात्रीच भिंतीकडं धावले.

"वहिनी, यांना रविवारची फायनल पाहायची गरजच नाही!"

गोल्फची गंमत अशी की सगळे खेळाडू एकाच वेळी एका जागी नसतात. तिघातिघांचे गट सकाळपासून सुटत राहतात आणि सगळ्या मैदानभर पसरतात. गुरुवारी आणि शुक्रवारी सव्वाशेहून जास्त खेळाडू; त्यात सगळे नामवंत आले आणि सगळे भारतीयही. शुक्रवारी संध्याकाळी कट लागतो: पहिले पासष्ट आणि त्यांच्या बरोबरीचे राहतात, बाकी बॅगा उचलून घरी. रविवारी सगळी गर्दी शेवटच्या दोन-तीन जोड्यांमागं, आणि मागं उभ्या माणसाला दिसतात पुढच्याच्या टोप्या. म्हणजे ज्याला मनसोक्त खेळ पाहायचाय त्याचे दिवस पहिले दोनच.

"अन् बसाची सोय?"

"बसायचं नाहीच. खेळाडूबरोबर चालायचं. एक फेरी म्हणजे सहा-सात किलोमीटर, इकडून तिकडं करत आणखी जास्त. नाहीतर एखाद्या छोट्या होलच्या हिरवळीशी ठिय्या द्यायचा. तिथं एका फटक्यात चेंडू झेंड्याजवळ येतो, आणि सगळे एकामागून एक आपल्यापुढून जातात."

वहिनी जोरात हसल्या. "सहा किलोमीटर? हे? बजाज चौकातून मेथीची जुडी आणाची म्हटलं तं गाडी काढते!"

आणि तिथंच दौऱ्याची सूत्रं हलली. वहिनींनी फोन करून चारही घरं बांधली. ठराव असा: मंगळवारी रात्री निघायचं, बुधवारी पोचायचं, गुरुवार-शुक्रवार खेळ पाहायचा, शुक्रवारी रात्रीची गाडी, शनिवारी धनत्रयोदशीला दिवा लागायच्या आत घरी. वसुबारस तेवढी माफ. मास्तरांचं सोयाबीन त्याआधी निघालं तर मास्तर, नाहीतर तीनच. आणि तोवर रोज टेकडीला दोन चकरा, पायी. 18 ऑगस्टला सकाळी आठ वाजता शुक्रवारच्या गाडीची खिडकी उघडली, तेव्हा भाऊजी चष्मा शोधत होते आणि वहिनींच्या मोबाईलवर चार बर्थ कन्फर्म झाले होते.

कर्नलसाहेबांना हे कळवलं, तेव्हा ते म्हणाले, "जाणकार असंच करतात. मी हेच सुचवणार होतो." वहिनींनी हे मला दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा 'होतो'वर जोर देऊन.

बुधवारच्या दुपारचाही बंदोबस्त झाला. नुसतं पाहून साहेबांचे हात थोडेच थांबतात? दिल्लीत लाडो सरायला डीडीएचं कुतुब गोल्फ कोर्स आहे. सरकारी, मेंबर नसलेल्यालाही पैसे भरून खेळता येतं. दिल्ली गोल्फ क्लबात तसं नाही, तिथं मेंबरशिपची रांग पिढ्यांच्या हिशोबात चालते. कुतुबला साहेब खेळतील आणि बाकीचे चेंडू शोधतील, असं ठरलं.

"तसं या खेळात काही वाईट नाही बरं," वहिनी एक दिवस आपणहून म्हणाल्या. एव्हाना त्याही वाचायला लागल्या होत्या. "ती अदिती अशोक नाही का, टोकियो ऑलिंपिकवाली? 2021 मध्ये पहाटे उठून पाह्यलं होतं आपण. एका फटक्यानं गेलं पोरीचं पदक, चौथी आली. अन् तिची बॅग कोण उचलून चालत होतं? तिची आई! अन् तो अली शेर. त्याच दिल्ली क्लबात दुसऱ्याच्या बॅगा उचलणारा कॅडी, अन् 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकला. या खेळात बॅग उचलणाऱ्याले सगळं समजते. मारणारा नुसता मारते."

मी काही बोलले नाही. रोख कुणीकडं होता ते नळीच्या आवाजावरून समजलं.

तर चौकडी गेली. मास्तरांचं सोयाबीन वेळेत पोत्यात पडलं. डब्यात गोरसपाक, दोन दिवसांच्या दशम्या, मिरचीचा ठेचा. शनिवारी दुपारी चौघंही काळवंडून, पाय ओढत परत आले आणि दिवे लावायला हजर झाले.

"कसं झालं?" मी भिंतीवरून विचारलं.

"काय सांगू ताई! जागा काय, मोगलांच्या वेळचा लाल बंगला मधोमध, मोर फिरून रायले. पण तो कोर्स असा अरुंद, दोन्हीकडून झाडी. मॅकिलरॉयनं ड्रायव्हर, लांब माराचा तो दांडा, हातातच नाही घेतला! त्याचा तो लांब फटका पाह्याले आम्ही एवढं गेलो, अन् हा गडी सगळं जपून जपून."

"अन् एकोणिसावा?"

"पायच उरले नव्हते एकोणिसाव्यापर्यंत जायाले," आतून वहिनी म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंची खात्री पटली होती, असंही कळलं.

रविवारी संध्याकाळी वहिनींकडं चकल्या पाडायला मी गेले होते. भाऊजी मोबाईल तेलाच्या डब्याला टेकवून शेवटचे होल पाहत होते. जिंकला इंग्लंडचा टॉमी फ्लीटवूड, पारपेक्षा, म्हणजे ठरवून दिलेल्या फटक्यांपेक्षा, बावीस कमी. जपानचा केइता नाकाजिमा दोन फटक्यांनी मागं. मॅकिलरॉय पहिल्या विसातही नाही. शेवटचा चेंडू पडला आणि फ्लीटवूडचा धाकटा मुलगा, फ्रँकी, धावत हिरवळीवर आला. त्या पोराचं म्हणे बापाकडं गाऱ्हाणंच होतं, की तुम्ही जिंकलात आणि मी असा धावत आलो, असं एकदाही झालं नाही. बापानं ते मनावर घेतलं होतं.

"पाहा!" भाऊजी म्हणाले. "शुक्रवारी आम्ही त्याच्याच मागं चाललो होतो अर्धा तास. मी तवाच म्हटलं होतं!"

"मास्तर तं म्हणत होते, तुम्ही त्या अर्ध्या तासात झाडाखाली बूट काढून बसले होते," वहिनी सोऱ्या फिरवत म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "ताई, वाचलं मी त्याच्याबद्दल. त्याची बायको लग्नाआधीपासून त्याची म्यानेजर. तारखा, कागदपत्रं, सगळं तीच पाह्यची. म्हणून हा डोकं शांत ठेवून मारते."

भाऊजींनी गरम चकली उचलली, बोट भाजलं, आणि तरीही म्हणाले, "मग पुढच्या खेपेले तुम्हीच या ना सोबत."

"येईन ना. अन् तिकिटं मीच काढीन. चार नाही, आठ. चार बायांचे खालचे बर्थ, चार गड्यांचे वरचे."