वजनदार वाचन

'व्यासपर्व' यंदाही येणार, त्यावर चर्चा नको. दुर्गाबाई भागवतांचं हे पुस्तक १९६२ सालचं. माझ्याकडची प्रत पुष्कळ अलीकडची, पण फिरली खूप आहे. महाबळेश्वर झालं, हंपी झाली, एकदा सिमल्याची थंडीसुद्धा खाऊन आली. एवढं हिंडूनही तिची पानं आहेरातल्या साडीसारखी घडी न मोडता राहिली आहेत. सुट्टीच्या पुस्तकांत एक तरी असं लागतं, की ते नुसतं उशाशी पालथं पडलेलं दिसलं तरी पाहणाऱ्याने आवाज खाली आणावा. त्यातून हे पातळ आहे. विद्वत्तेच्या मानाने इतकं हलकं पुस्तक बॅगेला दुसरं मिळायचं नाही.

पुस्तकं मी माझ्यासाठी निवडतच नाही. ती मी गुहागरातल्या माझ्यासाठी निवडतो. हा गृहस्थ मला फार आवडतो. तो पहाटे उठतो. सुरूच्या बनातून एक फेरी मारतो, व्याडेश्वराला नमस्कार करतो आणि माडाखाली खुर्ची टाकून वाचत बसतो. मोबाइल कुठे ठेवलाय हे त्याला आठवत नाही. दुपारची झोप त्याला येत नाही. आंबा तो एकच खातो, तोही कोणी फार आग्रह केला तर. असला माणूस आमच्या घरी वर्षभर कुठे दडून बसतो कोण जाणे, पण मे महिना जवळ आला की कपाटासमोर येऊन उभा राहतो आणि ज्या फळीला माझा हात पोचत नाही नेमकी तिथली पुस्तकं मागतो. त्याला इरावतीबाईंचं 'युगान्त' हवं असतं. 'कोसला' त्याला पुन्हा एकदा शांतपणे वाचायची असते. सार्थ ज्ञानेश्वरीकडे त्याची नजर वळली की मात्र मी कपाटाचं दार लावून घेतो. नऊ हजारांच्या वर ओव्या, सुट्टी मोजून चार दिवस, आणि त्यातला एक वेळणेश्वर-हेदवीत जाणार.

त्याचा आणखी एक सिद्धान्त आहे: ज्या मुलखात जायचं, तिथलंच वाचावं. हा सिद्धान्त मी कोणाच्या तरी भाषणात ऐकला आणि दुसऱ्या दिवसापासून माझा म्हणून सांगायला लागलो. कोकणात जायचं तर श्री. ना. पेंडसे. आता त्यांची 'गारंबीचा बापू' आहे, १९५२ ची. पण ती सगळ्यांनी वाचलेली असते. समोरचा माणूस लगेच बापूबद्दल बोलायला लागतो आणि आपल्याला गप्प बसून ऐकावं लागतं. म्हणून 'तुंबाडचे खोत'. दोन खंड. कादंबरी आली १९८७ साली. मी घेतली तेव्हा दुकानदाराने पिशवी दुहेरी करून दिली. तुंबाड खेड तालुक्यातलं, जगबुडीच्या काठचं. आमची गाडी खेडवरूनच जाते. तेव्हा बेत असा होता, की पनवेल सुटलं की पहिला खंड उघडायचा आणि खेड येईस्तोवर खोतांच्या वाड्यात पुरतं शिरायचं.

गाडीत बसल्यावर आधी पोळीभाजी झाली. रोह्याला चहा आला. माणगावच्या सुमारास समोरच्या काकांनी दोन्ही खंड दोन हातांत घेतले, अंदाजाने तोलले आणि "एवढं सगळं वाचता तुम्ही?" असं विचारलं. त्याचं विनयशील उत्तर द्यायला वीर स्टेशन पुरलं नाही. खेड आलं तेव्हा मी तिसऱ्या पानावर होतो. तुंबाड गेलं, जगबुडी गेली, खोत मागे राहिले. चिपळूणला रिक्षावाल्याने बॅग उचलली, परत खाली ठेवली आणि विचारलं, "जातं आहे काय हो ह्याच्यात?"

ह्यावर उपाय म्हणून मुलीने मला एक ई-रीडर आणून दिला. "बाबा, ह्यात हजारो पुस्तकं मावतात." मावत असतील. पण समोरच्या काकांना ती दिसणार कशी? त्यांच्या बाजूने नुसती काळी पाटी. मी तत्त्वज्ञान वाचतोय की विजेचं बिल, हे त्या बिचाऱ्यांना चिपळूणपर्यंत कळायचं नाही. पुस्तकाला मुखपृष्ठ असतं ते काही आतल्या वाचकासाठी नव्हे.

शेवटच्या आठवड्यात मी वाचनालय गाठतो. घरच्या पुस्तकांना मुदत नसते, म्हणून ती वाचली जात नाहीत, असं मी तिथल्या बाईंना सांगतो आणि त्या माझा मान ठेवून ऐकून घेतात. खरं कारण निराळं आहे. वाचनालयाची पुस्तकं मी समासासाठी आणतो.

मराठी समीक्षेवर एवढी चर्चासत्रं होतात, पण वाचनालयाच्या जुन्या पुस्तकांत पेन्सिलीने जी समीक्षा लिहिली गेली आहे तिच्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. ह्या समीक्षकांना मानधन नाही, नाव नाही आणि भीडही नाही. 'छान', 'सुंदर', 'पकड घेते', 'पकड सुटली', 'लेखक इथे दमला आहे'. काही पानांवर 'अश्लील!' असा शेरा असतो आणि पुढच्या वाचकाला शोधत बसायला लागू नये म्हणून पानाचा कोपराही दुमडलेला असतो. संबंध पुस्तकात सर्वांत मळलेलं पान ते. एक निवृत्त शिक्षक प्रत्येक वाचनालयात असावेत. ते लाल पेन्सिलीने ऱ्हस्व-दीर्घ तपासत निघतात. चाळिसाव्या पानापाशी लाल खुणा थांबतात. तिथून लेखकाचं शुद्धलेखन सुधारतं की मास्तरांचा धीर सुटतो, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

रहस्यकथांमध्ये तर ही समीक्षा कळसाला पोचते. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, धनंजय, काळा पहाड ह्यांनी कित्येक पिढ्यांच्या मे महिन्याच्या दुपारी खाल्ल्या. त्या काळातली पुस्तकं आता हाताला लागली तर पानांचे तुकडे पडतात, पण परंपरा टिकून आहे. मध्ये एक रहस्यकादंबरी आणली होती. पहिल्याच पानावर कोणीतरी लिहिलं होतं, 'खुनी डॉक्टर आहे.' त्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'नाही. शेवटपर्यंत वाचा.' त्याच्याखाली तिसरं अक्षर, जरा थकलेलं: 'वाचलं. डॉक्टरच.' मूळ कादंबरीला हे जमलं नव्हतं.

'मृत्युंजय'च्या एका प्रतीत समासात भांडण जुंपलेलं मी पाहिलंय. 'कर्णावर अन्याय झाला!!' असं एकाने दोन उद्गारचिन्हांनिशी लिहिलं होतं. शेजारी गोल, नेटक्या अक्षरात, 'आणि द्रौपदीवर?' पुढची दहा-बारा पानं तो पहिला गृहस्थ एक शब्द बोललेला नाही. 'स्वामी'ची एक प्रत आहे. शेवटाकडे थेऊरला माधवराव जातात आणि रमाबाई सती जायला निघतात, तिथे निळ्या शाईत लिहिलंय, 'मी तिसऱ्यांदा रडले.' खाली दुसऱ्या हाताने, 'मीही.' दोघींची नावं नाहीत. बहुधा त्या एकमेकींना कधी भेटल्याही नसतील. रविवारी दुपारी एकीने पुस्तक परत केलं असेल आणि मंगळवारी दुसरीने नेलं असेल.

मलाही ह्या मंडळात शिरायची फार हौस. 'ययाति'मध्ये एका परिच्छेदाशेजारी मी एकदा 'असहमत' असं लिहिलं आणि खाली बारीकशी सही ठोकली. काही वर्षांनी तीच प्रत पुन्हा हाती आली. मी आधी ते पान उघडलं. माझ्या सहीखाली कोणीतरी लिहिलं होतं, 'कोण विचारतो?' आजवर माझ्या लेखनावर जे काही अभिप्राय आले, त्यांत इतका थोडक्यात आणि मुद्द्याला धरून आलेला हा एकच.

२०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी चिपळूणात घुसलं. तिथलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर दीडशे वर्षांहून जुनं. २००५ च्या पुरातून ते सावरलं होतं, तेवढ्यात हे. चिखलात लडबडलेल्या ग्रंथांचे फोटो पेपरात आले, ठिकठिकाणच्या लोकांनी पुस्तकं पाठवली, आणि ते योग्यच झालं. पण मला राहून राहून समास आठवत होते. 'स्वामी'ची नवी प्रत उद्या कुठल्याही दुकानात मिळेल. तिच्यात रडलेल्या बायका नसतात. असे किती समास त्या दोन दिवसांत धुऊन गेले असतील, त्याची यादी कुठल्या पंचनाम्यात होणार? गुहागरला जाताना चिपळूणला उतरावंच लागतं आणि दर वेळी हे मनात येतं.

असो. बॅग अजून उघडीच आहे.

"अहो, पुस्तकांचं झालं असेल तर गॅसचा कॉक बघता का?" आतून आवाज येतो. झालेलं नसतं. पुस्तकं निवडत असलेल्या माणसाला दुसरं काम सांगता येत नाही, हा शोध मी लग्नानंतर लगेचच लावला आणि आजवर जपला. मी पलंगावर चार ढीग मांडून चिंतन करत असतो तेवढ्यात कपडे, औषधं, टॉर्च, नातवाच्या वाळूत खेळायच्या बादल्या, दुधाला नाही म्हणून सांगणं, कुंड्यांना पाणी घालायला शेजारी किल्ली देणं, हे सगळं उरकलेलं असतं. निघताना बायको माझ्या ढिगातलं सर्वांत वरचं पुस्तक, नावही न बघता, पर्समध्ये टाकते. येताना ते वाचून झालेलं असतं. "कसं आहे?" मी विचारतो. "बरं आहे. मधली शंभर पानं नको होती." आणि हे नेमकं खरं असतं, त्याचा राग येतो.

हाताला येईल ते वाचायची ही सवय माझ्या आईचीही होती. ती मात्र ढिगातलं वरचं पुस्तक उचलायची नाही, कारण तिच्यापुढे ढीग नव्हताच. मे महिन्याची सुट्टी आम्हा मुलांना. तिला सुट्टी म्हणजे आत्या, मावश्या, त्यांची मुलं आणि दोन वेळच्या पंगती. ती वाण्याच्या पुडीचे कागद वाचायची. हिंग डब्यात ओतला की पुडी उलगडून, हाताने सपाट करून, ओट्याशी उभ्याउभ्या. कुठल्यातरी मासिकाचं एक पान, त्यावर कथेचा मधलाच तुकडा. कोणीतरी स्टेशनावर उभी आहे, पत्र आलेलं आहे, पत्रात काय ते पुढच्या पानावर. "त्याच कागदात बांधून देतो का बघ रे," असं सांगून ती मला पुन्हा वाण्याकडे पिटाळायची आणि घरात नको इतका हिंग साठायचा. पुढचं पान कधीच मिळालं नाही. मग फोडणी देता देता ती पत्रातला मजकूर स्वतःच सांगायची. दर वेळी निराळा. सुट्टीत काय वाचणार, असं तिला कोणी कधी विचारलं नाही, आणि इथे मी ढिगांपुढे बसून उच्च अभिरुचीचा त्रास सहन करतोय.

काही लोक म्हणतात, सुट्टीत कसली पुस्तकं, निसर्ग बघा. निसर्ग मी बघतो. पण समुद्र दहा मिनिटं बघितला की पुढे तो काय करणार ह्याचा साधारण अंदाज येतो. म्हणून तर गुहागरात वाचन होतंच होतं, फक्त आणलेल्या पुस्तकांचं नाही. आम्ही उतरतो त्या घरात भिंतीवर कालनिर्णय आहे. १९७३ पासून हा देश तारीख बघायच्या निमित्ताने त्याच्या पाठीमागची पानं वाचत आला आहे, तसा मीही वाचतो. डिसेंबरपर्यंतचे सगळे महिने उलटे करून होतात. मग फडताळातले जुने दिवाळी अंक. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हा तो कोणीतरी मे महिन्यात, आंबा खाल्लेल्या हाताने, जाहिरातींसकट वाचणार आहे ह्याची त्यांना कल्पना असेल का? मला सर्वांत आवडतं ते त्यातलं वार्षिक राशिभविष्य. फार वर्षांपूर्वीच्या एका अंकात, त्या साली माझ्या राशीला परदेशगमनाचा योग होता असं समजलं. त्या साली मी कुठे होतो ते आठवून पाहिलं. गुहागरलाच होतो.

तर यंदाचं ठरलं. 'व्यासपर्व', 'युगान्त' आणि खोतांचा दुसरा खंड. पहिल्याला थोडी विश्रांती देतोय, त्याच्या तीन पानांवर बराच ताण पडला आहे. शिवाय वाचनालयाचं एक पुस्तक, जे बायको वाचेल.

तुम्ही कुठेही जात असाल तर वाचनालयाचं एक तरी पुस्तक न्या, मुदतीची तारीख बघून न्या, आणि ग्रंथपालांची मनातल्या मनात क्षमा मागून बरोबर पेन्सिल ठेवा. पेन नको. आणि कृपा करून खुनी कोण ते पहिल्या पानावर लिहू नका.