काचेला धरायचं कुठं?

मशीनवर जॉब बांधताना कारागीर आधी भरवशाची सपाट बाजू शोधतो. ती सापडली की व्हाइस आवळायचा, डायल लावायचा, काम सुरू. भिंगाकडे नेमकी तीच नसते. दोन्ही अंगांनी गोलाई, आणि आवळायची सोय नाही. लोखंड आवळलं तर रुतून बसतं, काच रुसते. फुटली तर निदान कळतं तरी. पण पुष्कळदा ती फुटत नाही, नुसती जराशी वाकते, वाकल्या अंगानं मुकाट घासून घेते आणि सुटका झाली की पुन्हा सरळ होते. तुमची अचूक गोलाई तेवढी बिघडलेली असते.

म्हणून भिंगवाले काचेला राळेवर चिकटवतात. राळही निवताना आकसून काच ओढतेच. त्यामुळे फार मोठं भिंग मऊ आधारावर नुसतं टेकवायचं आणि सरकणार नाही इतपत कडेला अडवायचं. तान्हं बाळ पहिल्यांदा हातात दिल्यावर पुरुषमाणसं जशी धरतात, तसं.

पहिली बाजू त्या मानानं सुखाची. गोल पृष्ठभागाला स्वतःचा ठरलेला अक्ष नसतो, त्यामुळे त्याला चुकायलाही फारशी जागा नाही. खरी परीक्षा भिंग उलटल्यावर. आता दोन गोल झाले, त्यांची दोन केंद्रं झाली आणि त्यांना जोडणारी रेघ म्हणजे भिंगाचा अक्ष. तो कडेच्या वर्तुळाच्या मधोमध यायला हवा. नाहीतर एक कड जाड, दुसरी पातळ राहते आणि बिचाऱ्या ताऱ्याला रंगीत शेपूट फुटतं. तपासणी मात्र गमतीची: भिंग सावकाश फिरवायचं आणि त्यात दिव्याचं प्रतिबिंब बघायचं. ते जागचं हललं नाही तर ठीक. घिरट्या घालू लागलं तर राळ ऊन करा, भिंग किंचित सरकवा, पुन्हा बघा. या कामाला घाईचा माणूस ठेवू नये असं माझं मत आहे.

उन्हाचीही कटकट. साध्या काचेचं मीटरभर रुंद भिंग एका अंशानं तापलं की सात-आठ मायक्रॉन वाढतं. सगळीकडे सारखं वाढलं तर फारसं बिघडत नाही. पण हाताच्या उबेनं एकाच जागी फुगलं तर कारागीर तो उंचवटा घासून काढतो, आणि काच निवल्यावर तिथं खड्डा! हिरव्या प्रकाशाची लहरच जेमतेम अर्ध्या मायक्रॉनची, तेव्हा एवढासा खड्डाही तिला पुरतो.

असल्या कामात अमेरिकेतल्या केंब्रिजपोर्टच्या क्लार्क मंडळींनी नाव काढलं. थोरले अल्व्हन क्लार्क मुळात व्यक्तिचित्रं रंगवणारे. धाकट्या अल्व्हन ग्रॅहॅमनी यर्क्स वेधशाळेसाठी ४० इंची, म्हणजे सुमारे १०२ सेंटिमीटरचं भिंग घडवलं. ओतीव काच पॅरिसची. भिंग दोन काचांचं, म्हणजे घासायच्या बाजू चार! मे १८९७ मध्ये ते विस्कॉन्सिनला दुर्बिणीत बसलं आणि पुढच्याच महिन्यात क्लार्क वारले.

पण धरायचं कुठं, हा प्रश्न कारखान्यातून सुटून दुर्बिणीत गेला. भिंगातून उजेड आरपार जायचा, म्हणून आधार फक्त कडेला. मध्ये काच स्वतःच्या वजनानं लवते. आरशाला मागून हवे तितके टेकू देता येतात. म्हणूनच पुढच्या मोठ्या दुर्बिणी आरशांच्या झाल्या आणि यर्क्सची दुर्बीण भिंगवाल्या दुर्बिणींत आजही सर्वांत मोठ्यांपैकी एक आहे.