वजन चोख, गाव अंदाजे

आमच्या नगराध्यक्षांचं हार्डवेअरचं दुकान आहे. परवा मी तिथे पाव किलो दीड इंची खिळे आणायला गेलो. पोऱ्याने मूठभर खिळे काट्यावर टाकले. आकडा 258 वर गेला. शेठ फोनवर आमदारांच्या पीएशी बोलत होते. बोलता बोलताच त्यांचा हात पुढे आला आणि दोन खिळे उचलून गेला. 252. आणखी एक उचलला. 249. मग खाली वाकून त्यांनी फरशीवरचा एक गंजका चुका उचलला आणि ताटलीत टाकला. "घ्या मास्तर, बरोब्बर 250." पीएला यातलं काही कळलं नसावं, कारण "हो साहेब" मध्ये कुठेही खंड पडला नव्हता.

विरोधक बोंब मारतात की शेठ नगरपालिका दुकानासारखी चालवतात. माझी तक्रार नेमकी उलटी आहे. चालवत नाहीत हो! चालवली असती तर एव्हाना गावाचं सोनं झालं असतं.

दुकानात सिमेंटची गाडी आली की शेठ चहा टाकून उठतात. स्वतः दारात उभे राहून गोण्या मोजतात. फाटकी गोणी आल्या पावली परत. गाडीवाल्याने पावसाचं निमित्त सांगितलं, तर पाऊस कुठे लागला, किती वाजता लागला, ताडपत्री कुठे होती, इथपर्यंत चौकशी. बिल माल उतरल्यावर, तेही दोन चकरा मारायला लावून. आता हेच शेठ सर्वसाधारण सभेत बघा. विषयपत्रिकेवर 43 विषय असतात. सूचक ठरलेला, अनुमोदक ठरलेला, चहा यायच्या आत सगळे मंजूर. उरले ते 'ऐनवेळचे विषय'. ते ऐनवेळचे असल्यामुळे कुणाला वाचायला मिळत नाहीत आणि पैसा नेमका त्यांच्यातच असतो. इतिवृत्त पुढे सवडीने लिहिलं जातं. एखादा ठराव फारच अंगाशी येणारा दिसला, तर मुख्याधिकारी कलम 308 दाखवून तो जिल्हाधिकाऱ्यांकडे धाडतात आणि शेठ गावाला सांगतात, "मी तर केलं होतं, वरून अडवलं."

पालिकेच्या ठेक्यात ज्याचा हितसंबंध, त्याला पालिकेत बसता येत नाही, असं 1965 चा नगरपरिषद अधिनियम सांगतो. शेठ कायद्याला फार मानतात. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी दुकानाची पाटी बदलली आणि पुतण्याचं नाव आलं. गादी तीच, गल्ला तोच, गल्ल्यावरचा गणपतीही तोच. पुतण्या पुण्याला शिकतो.

तसा व्यापारी आणि पालिका यांचा घरोबा जुनाच. जकात होती तेव्हा वेशीवर नाका होता आणि काही ट्रक नाकेदाराला झोप लागल्यावरच गावात शिरत. कुठल्या पेढीचा ट्रक आला की झोप लागायची, हे नाकेदाराला बरोबर ठाऊक असे. 1999 ला नगरपालिकांची जकात गेली, तिच्या बदल्यात सरकारचं सहायक अनुदान आलं. म्हणजे पूर्वी पालिका दारात उभी राहून वसुली करायची, आता ताट घेऊन मुंबईकडे बघत बसते. उधारीवरचं दुकान किती दिवस चालतं, हे शेठनाच विचारा. त्यांच्या दुकानात पाटी आहे: 'आज रोख, उद्या उधार'.

सरकारनेही नगराध्यक्ष निवडायच्या बाबतीत हीच पाटी लावलेली आहे. 2001 ला थेट जनतेतून, 2006 ला नगरसेवकांतून, 2016 ला परत जनतेतून, 2020 ला परत नगरसेवकांतून, 2022 ला पुन्हा जनतेतून. शेठना दोन्ही प्रकार ठाऊक आहेत. नगरसेवकांतून निवड म्हणजे घाऊक बाजार: दहा-बारा नग एका गाडीत भरायचे, थंड हवेच्या ठिकाणी न्यायचे आणि मतदानाच्या सकाळी गावात उतरवायचे. जनतेतून निवड म्हणजे किरकोळ विक्री. घरोघर जा, प्रत्येकाची घासाघीस ऐका, वर चहा पाजा. "मार्जिन राहत नाही मास्तर," असं ते मला प्रचारात काकुळतीने म्हणाले होते.

त्यातून हा हंगाम आला चार वर्षांच्या प्रशासकानंतर. 2 डिसेंबर 2025 ला आमच्याकडे मतदान झालं आणि मोजणी गेली 21 तारखेवर. एकोणीस दिवस! माल विकला गेलाय, गल्ला भरलाय, पण उघडायचा नाही. ज्या माणसाने आयुष्यात कधी रोजमेळ न जुळवता झोप घेतली नाही, त्याचे हे दिवस कसे गेले असतील? वजन चार किलोंनी उतरलं. काट्यावर स्वतःच उभे राहून त्यांनी ते मला दाखवलं.

पाणी आमच्याकडे आठव्या दिवशी येतं. दुकानासमोर निळ्या ड्रमांची चळत असते, 200 लिटरचे. निवडणुकीत शेठनी रोज पाणी द्यायचं वचन दिलं. चळत अजून जशीच्या तशी आहे, उलट शेजारी एक नवी लागली आहे. मी काही म्हणत नाही.

तर खिळ्यांबरोबर मी परवा आणखी एक वस्तू नेली होती. आमच्या बोळातल्या गटारीच्या काठाचा मुठीएवढा तुकडा. नवी गटार, जेमतेम तीन महिन्यांची. फोन संपल्यावर तो मी गुपचूप काट्यावर ठेवला. शेठनी सवयीने उचलला. अंगठ्याने दाबला, तर निम्मा तळहातावर भुगा झाला. त्यांनी तो नाकाशी नेला, जमिनीवर उडवला आणि खरोखर संतापले.

"कुणी दिला हा माल? नुसती माती आहे, सिमेंटचा वाससुद्धा नाही. परत करा त्याच्या तोंडावर. एक पैसा देऊ नका!"

"आपल्या बोळातल्या गटारीचा आहे, शेठ."

शेठ माझ्याकडे बघत राहिले. मग पोऱ्याकडे वळले.

"काट्यावर फडका मार. आणि मास्तरांचे खिळ्यांचे पैसे घेतलेस का?"