मांजराभोवती गोधडी कशी शिवावी

गोधडी शिवायला शिकवणाऱ्या पुस्तकांत पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं : कापड सपाट जागी पसरून घ्यावं. पुढे थेट टाके, कडा, गोट. कापड पसरल्यानंतरच्या दहा सेकंदांत काय घडतं, याबद्दल सगळ्या लेखिका मूग गिळून गप्प. एकतर यांच्या घरी मांजर नसावं, नाहीतर पुस्तक लिहिताना ते वहीवर बसलेलं असावं. ही उणीव भरून काढण्यासाठी खालील कृती देत आहे. ती नवशिक्यांसाठी आहे. जुन्या-जाणत्यांच्या घरची मांजरं एव्हाना त्यांच्याकडून सगळं शिकून बसली आहेत.

साहित्य

एका माणसाच्या गोधडीला जुन्या सुती साड्या दोन किंवा तीन. पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे १८ फूट. मधोमध दुमडली की ९ फूट लांब आणि पन्ह्याइतके, म्हणजे पावणेचार-चार फूट रुंद, असे दोन थर मिळाले. माळ्यावर एखादी नऊवारी सापडली तर नशीबच उघडलं म्हणा : ९ वार म्हणजे २७ फूट, तिघडी केली की एका लुगड्यात तीन थर. साडी नवी नको. वर्षानुवर्षं नेसून, धुऊन मऊ पडलेली हवी. सिंथेटिक तर मुळीच नको. थर एकमेकांवरून सरकतात, घाम टिपला जात नाही आणि मांजर त्यावरून घसरलं की तुमच्याकडे असं बघतं, जणू तुम्हीच ढकललंत.

अस्तराला मांजरपाट घ्या. नावावर जाऊ नका. कोऱ्या मांजरपाटाला खळ असते, दोन धुण्यांत ती निघेपर्यंत मांजर त्याकडे ढुंकूनही बघत नाही. त्याला हवी असते बाजूला काढून ठेवलेली तुमची इरकल.

लांब सुया, मोठ्या नेढ्याच्या. सुती दोरा. मधल्या बोटासाठी अंगुस्तान. थर धरून ठेवायला टाचण्या नकोत, सेफ्टी पिना घ्या. टाचणी मांजर उपसून काढतं, पिन निदान बंद राहते. हल्ली शहरात क्विल्टिंगचं सामान मिळतं, त्यात गोल पात्याचा रोटरी कटर असतो. चौकोन कापायला फार छान, पण प्रत्येक काप झाल्यावर पातं आत सरकवायची सवय हवी. टेबलावर चालणाऱ्या पंजाला ‘धारदार’ ही पाटी वाचता येत नाही.

मांजर : एक. दोन असल्यास कृती तीच, वेळ चौपट.

केस : आवडीनुसार. आवड मांजराची.

आमच्याकडे दोन आहेत. आक्का वयस्कर, काळ्या-केशरी-पांढऱ्या ठिगळांची. असं तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असतं. केशरी आणि काळ्या रंगाची वाटणी एक्स गुणसूत्रावर होते, आणि दोन्ही रंग एकत्र यायला एक्स दोन लागतात. शिवणकामाच्या दृष्टीने याचा तोटा असा की, रंगीबेरंगी तुकड्यांवर आक्का बसली की दिसतच नाही. दुसरा गुंड्या. बसणं हा त्याचा प्रांत नव्हे. हलणारं टोक दिसलं की तो कामाला लागतो.

कापड पसरणे

दार लावून घ्या. आता दार उघडा, कारण बाहेरून ते खरवडलं जातंय. आता पसरा.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे माणसांना सांगितलेलं आहे. मांजर आधी पाय पसरतं, त्या मापाचं अंथरूण तुम्ही शिवायचं. ते बरोबर मधोमध बसेल. याला हट्ट म्हणू नका, त्यामागे शरीराचा हिशेब आहे. मांजराचं शरीर ३८ ते ३९ अंश सेल्सिअसला चालतं आणि ऊब टिकवायला जास्तीची शक्ती खर्च न करता त्याला निवांत राहता येतं ते साधारण ३० अंशांच्या वर. आपण पंखा वाढवतो, तेव्हा कुठे त्याला जरा बरं वाटू लागतं. पुण्यातल्या डिसेंबरात फरशीवर तीन पदरी सुती कापड दिसल्यावर त्याने दुसरीकडे कुठे बसावं, अशी तुमची अपेक्षा आहे?

तुकड्यांची गोधडी करणार असाल तर आणखी एक पेच आहे. मांजराला चौकोनाची ओढ असते. २०२१ मध्ये यावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लोकांनी आपापल्या घरी जमिनीवर कागदी आकृत्या चिकटवल्या आणि मांजर कुठे बसतं ते टिपलं. एका आकृतीत चौकोन नव्हताच : फक्त चार कोपऱ्यांत चार खाचा पाडलेली वर्तुळं होती, ज्यांच्यामुळे मधे चौकोन असल्याचा भास होतो. शेवटपर्यंत टिकलेली मांजरं मोजकीच होती (मांजरांवर प्रयोग करू पाहणाऱ्यांना याचं नवल वाटू नये), पण ती खऱ्या चौकोनात बसली तशीच त्या नसलेल्या चौकोनातही बसली. तुम्ही तर सहा इंची खरेखुरे चौकोन ओळीने मांडून ठेवलेत. ते मोजत बसू नका. फोटो काढून ठेवा, म्हणजे कुठला तुकडा कुठे होता ते नंतर कळेल.

मांजराला उचलून बाजूला ठेवण्याचा उपाय सगळे करतात. त्याने फक्त कापडाला सुरकुत्या पडतात. त्यापेक्षा शेजारी एक रिकामा खोका ठेवा. पहिले थर जुळवून पिना लावण्याइतका वेळ तेवढ्यात निघतो.

टाके

गोधडीचा टाका म्हणजे साधा धावदोरा. सुई खाली, सुई वर, चार-पाच टाके सुईवर घेऊन एकदम ओढायचे. दोन ओळींत बोटभर अंतर. एवढंच तंत्र आहे आणि ते हातात बसायला एक पावसाळा जातो.

सुरुवात कडेने करा. कोपऱ्यातून निघायचं, चारी बाजूंनी फिरून पुन्हा त्याच कोपऱ्यात यायचं, मग आतलं पुढचं आवर्तन. अशीच बाहेरून आत येत येत उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी बायका आपली कवंदी शिवतात. आपल्याकडेही चौकोनात चौकोन घालत मधे येणाऱ्या पुष्कळ वाकळा दिसतात. ही रीत कुणी मांजरासाठी शोधली नसावी, पण आपल्या कामाला ती अगदी फिट्ट बसते. मांजर मधे, तुम्ही सुई घेऊन भोवती. प्रदक्षिणा चालू ठेवा.

माझ्या सासूबाई कोल्हापूरकडच्या. त्यांच्या माहेरी उन्हाळ्यात शेतातली कामं सरली की, पावसाच्या आत वाकळा शिवून व्हायच्या. सारवलेल्या सोप्यात कापड पसरायचं, चार बायका चार बाजूंना. वारा आत येऊ नये आणि थर हलू नयेत म्हणून कोपऱ्यांवर वरवंटा, बत्ता, असेल ते जड ठेवायचं. मी आक्काला उठवायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, राहू दे की तिला. मधला पदर धरून बसलीय, तुझं काय अडलंय?” आणि खरंच, मधल्या भागातले थर कधी सरकले नाहीत. चार किलोचं मांजर जागचं हललं नाही, तर पिनांपेक्षा भरवशाचं असतं. पुढे सासूबाईंनी सुई हातात घेतली आणि आक्काच्या शेपटीपासून दोन बोटांवरून एक ओळ अशी काढली की, शेपटी हललीही नाही. हे मला अजून जमलेलं नाही. तुम्ही सुरुवातीला शेपटीपासून वीतभर लांब राहा.

पंजाने कापड मळणं सुरू झालं, तर शिवणं थांबवा. पिल्लू दूध पिताना आईचं पोट असंच दाबतं, मोठेपणी मऊ काही दिसलं की ती सवय वर येते. या वेळी नखं बाहेर येतात आणि धाग्याचे फास वर ओढले जातात. असा फास कात्रीने कापू नका, तिथे भोक पडेल. सुईचं नेढं त्यात अडकवून तो मागच्या बाजूला ओढून घ्या.

आवर्तनं आत येत जातील तशी शेवटी मधे मांजराच्या आकाराची बिनटाक्याची जागा उरेल. इथे घाई करू नये. स्वयंपाकघरात जाऊन सुक्या बोंबलांची पिशवी उघडावी. मांजर उठेल. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी पिशवीपाशी उभं करून तुम्ही पळत या आणि हात चालेल तितका चालवा. या भागातले टाके मोठे आणि तिरके पडतात. जाणकार बाई गोधडी उलटी करून पहिलं बोट नेमकं तिथेच ठेवते. विचारलंच, तर ‘डिझाइन आहे’ म्हणावं.

दोरा

इथवर वाचताना हसला असाल, तर आता जरा नीट बसा.

मांजराच्या जिभेवर मागच्या बाजूला वळलेले बारीक कठीण काटे असतात. अंग चाटताना त्यांचा फणीसारखा उपयोग होतो. पण दोऱ्याचं टोक एकदा त्या काट्यांत अडकलं की मांजराला ते थुंकता येत नाही, आत ढकलणं एवढंच त्याच्या हाती राहतं. पुष्कळदा दोऱ्याचा एक पेड जिभेच्या मुळाशी गुंततो आणि उरलेला लांब आतड्यात उतरतो. आतडं पुढे सरकत राहतं, दोरा सरकत नाही. मग नाडी ओढलेल्या परकरासारख्या आतड्याला चुण्या पडतात आणि दोरा त्यांना आतून कापू लागतो. शस्त्रक्रियेशिवाय यातून सुटका क्वचितच. दोऱ्याबरोबर सुई गेली तर एक्स-रेत सुई दिसते. नुसता दोरा गेला तर बहुधा दिसतही नाही.

म्हणून : पाणी प्यायला उठलात तरी ओवलेली सुई कापडात टोचून ठेवायची नाही. ती डब्यात, आणि डब्याला झाकण. प्रत्येक भारतीय घरात बिस्किटांचा एक गोल पत्र्याचा डबा असतो, ज्यात बिस्किटं कधीच नसतात. तो याचसाठी आहे. तोडलेले दोरे जमिनीवर टाकायचे नाहीत, शेजारी झाकणाची बरणी ठेवायची. बसताना सुया मोजायच्या, उठताना पुन्हा मोजायच्या. आकडा जुळला नाही तर सापडेपर्यंत जेवायला बसायचं नाही. मांजराच्या तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर कितीही मोह झाला तरी ओढायचा नाही, तडक डॉक्टरकडे. मांजर उलट्या करतंय, खात नाही, कोपरा धरून बसलंय, तर ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही.

गुंड्याला खेळायला दोरा लागतोच. त्याला जाड सुंभाचा तुकडा द्या, एक टोक तुमच्या हातात. खेळ संपला की तोही डब्यात.

मशीन

हातानेच शिवा. तरीही मशीन वापरायचंच असेल तर मोटरचं पायडल जमिनीवर असतं आणि ते कोमट होतं, हे लक्षात ठेवा. आक्का त्यावर बसली तेव्हा मी गोट लावत होते. टीप माझ्या परवानगीशिवाय वीतभर पुढे गेली, सुई तुटली, आक्का जागची हलली नाही. तेव्हापासून हात कापडावरून उचलला की आधी बटण बंद. पायमशीनला चामडी पट्टा आणि चाक असतं, तिथे शेपटी अडकू शकते. काम झालं की पट्टा चाकावरून उतरवून ठेवा.

धुणे आणि ठेवणे

दसऱ्याच्या आधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं नदीवर नेऊन धुवायची रीत गावांकडे आहे. फ्लॅटमध्ये बाथरूम आणि गच्ची. भिजवण्याआधी रबरी हातमोजा किंचित ओला करून कोरड्या गोधडीवरून एका दिशेने फिरवा. केसांच्या वळकट्या निघतात. आधी पाण्यात घातलीत तर ते केस टाक्यांत जाऊन बसतील आणि पुढच्या पिढीपर्यंत निघायचे नाहीत. गच्चीवर वाळत घातली की तासाभराने उलटायला जा. खालच्या बाजूला कोण झोपलंय ते बघूनच उलटा.

कपाटात ठेवताना डांबराच्या गोळ्या टाकू नका. त्यांतलं नॅफ्थलीन मांजराला विषारी आहे आणि कपाट उघडं राहिलं की मांजर कुठे जातं ते तुम्हाला ठाऊकच आहे. आपल्या आज्या वाळवलेला कडुनिंबाचा पाला घालत. तो पुरतो.

भेट द्यायची असल्यास

नात्यात बाळ झालं की आजीच्या मऊ लुगड्याचं दुपटं शिवून द्यायची पद्धत आहे. तुम्ही शिवता हे एकदा कळलं की सांगलीपासून न्यू जर्सीपर्यंत मागणी येईल आणि प्रत्येक मागणीच्या शेवटी अदबीने लिहिलेलं असेल, ‘मावशी, केस नसलेलं पाठव हं’. हो म्हणा. दुपटं लहान असतं, मांडीवर शिवून होतं, फक्त मांडी मोकळी मिळण्याचा प्रश्न असतो. शिवून झालं की धुवा, कडक उन्हात वाळवा, इस्त्री करा आणि गरम असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा. एवढं केल्यावर एखादा केस गेलाच तर तो आहेर समजावा.

खोका मात्र आधीपासून उघडून ठेवू नका. दुपट्याचं वजन अर्ध्या किलोच्या पुढे जात नाही. कुरियरच्या काट्यावर साडेचार किलो दिसले, तर तिथल्या मुलाशी हुज्जत घालू नका. चिकटपट्टी काढा.